टर्बो फॅमिली कारची ताकद वाढवताना या चुका टाळा

विनाटर्बो इंजिनातून दहा टक्के जास्त ताकद काढायची तर इंजिन उघडून बरेच काम करावे लागते. एक्झॉस्टच्या वायूंवर फिरणाऱ्या टर्बोने हवा दाबून आत भरणाऱ्या टर्बो इंजिनात मात्र गाडीच्या ईसीयूमधील (इंजिन चालवणाऱ्या संगणकातील) काही तक्ते बदलून बूस्ट, म्हणजे त्या हवेचा दाब, वाढवला, की बहुतेक पेट्रोल गाड्यांत 15 ते 30 टक्के वाढ एका दुपारीत मिळते. वाढ इतकी सहज मिळत असल्यामुळेच पुढच्या बहुतेक चुका घडतात. ‘कंपनीने इंजिन मुद्दाम बांधून ठेवले आहे, आपण फक्त ते मोकळे करतो’ असे सर्रास सांगितले जाते आणि ते अर्धेच खरे आहे. कंपनीने राखून ठेवलेली क्षमता हलक्या दर्जाचे इंधन, भर उन्हातला घाट, पाच माणसे आणि सामानाने भरलेली गाडी, वेळेवर न बदललेले ऑइल आणि कित्येक वर्षांचा वापर या सगळ्यांसाठी ठेवलेली असते. त्यातला किती भाग आपण वापरून टाकणार आहोत आणि त्या बदल्यात नेमके काय मिळणार आहे, याचा हिशेब आधी मांडला पाहिजे.

दुखणे न शोधता रीमॅप करणे

वापरलेल्या गाडीवर थेट रीमॅप, म्हणजे ईसीयूमधील तक्त्यांचा बदललेला संच (मॅप), चढवणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. बूस्ट पाइपच्या जोडाला बारीक गळती असली तरी मूळ सेटिंगवर गाडी ठीक चालते, कारण दाब कमी पडतो आहे असे दिसताच ईसीयू वेस्टगेट (टर्बोला वळसा देऊन एक्झॉस्ट सोडणारी झडप) अधिक बंद करते, टर्बो जास्त वेगाने फिरतो आणि तूट भरून निघते. रीमॅपनंतर त्याच टर्बोकडून आणखी दाब मागितला जातो. तेव्हा तो आपल्या मर्यादेपलीकडे फिरू लागतो, हवा जास्त तापवतो आणि एवढे करूनही मागितलेला दाब गाठू शकत नाही. चालकाला मात्र ‘मॅप नीट बसला नाही’ एवढेच जाणवते.

म्हणून आधी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (हवा दाबून धरण्याची क्षमता) तपासून घ्यावे. त्यात आकडा किती आला यापेक्षा चार आकड्यांमध्ये फरक किती आहे हे जास्त महत्त्वाचे असते. त्यानंतर इनटेकमध्ये धूर सोडून गळती तपासावी. टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपच्या जोडाभोवती तेलकट, धूळ चिकटलेला पट्टा दिसला, तर तेथून हवा सुटत असल्याची शक्यता दाट असते, कारण टर्बोमधून येणारा ऑइलचा सूक्ष्म अंश हवेबरोबर बाहेर पडून तिथेच साचतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, इनटेक व्हॉल्व्हवरून जात नाही, त्यामुळे व्हॉल्व्हवरचा कार्बन धुतला जात नाही. गाडी बरीच चाललेली असेल तर तेही एकदा पाहून घ्यावे. या तपासण्यांवर होणारा खर्च अनेकांना वाया गेल्यासारखा वाटतो, परंतु माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातला सर्वांत सार्थ खर्च हाच असतो.

अश्वशक्तीचा आकडा पाहणे आणि टॉर्कचा आलेख न पाहणे

जाहिरातीत आणि गप्पांत अश्वशक्तीचा आकडा मिरवला जातो. इंजिनाचे आयुष्य मात्र टॉर्क (फिरवण्याचा जोर) किती आणि कोणत्या आरपीएमला (मिनिटाला किती फेऱ्यांवर) येतो यावर ठरते. दीड लिटरचे, 150 अश्वशक्ती आणि 250 न्यूटन मीटर टॉर्क असलेले एक साधे पेट्रोल टर्बो इंजिन उदाहरणादाखल घेऊ. न्यूटन मीटरला आरपीएमने गुणून 9549 ने भागले की किलोवॅट मिळतात, आणि एक किलोवॅट म्हणजे सुमारे 1.36 अश्वशक्ती. या इंजिनासाठी दोन मॅप बनवले, असे समजा. पहिल्यात 1800 आरपीएमलाच 320 न्यूटन मीटर टॉर्क येतो आणि 5000 आरपीएमपर्यंत तो 253 पर्यंत उतरतो. दुसऱ्यात टॉर्क हळूहळू चढतो, 270 च्या वर कधीच जात नाही, पण 4700 आरपीएमपर्यंत तिथेच टिकून राहतो. दोन्ही मॅपची कमाल शक्ती सुमारे 180 अश्वशक्तीच भरते. कागदावर दोन्ही सारखे दिसतात, आणि पहिला तर चालवून पाहताना जास्त जोरदार वाटतो.

इंजिनाच्या आत मात्र दोन्हींत मोठा फरक असतो. टॉर्क म्हणजे पिस्टनवर पडणाऱ्या सरासरी दाबाचेच माप. मूळ इंजिनात हा दाब साधारण 21 बार असतो, दुसऱ्या मॅपमध्ये तो 23 च्या आसपास जातो आणि पहिल्यात जवळजवळ 27 होतो. तोही अशा आरपीएमला, जिथे प्रत्येक स्फोटाचा दाब पिस्टनवर आणि कनेक्टिंग रॉडवर जास्त वेळ टिकतो. वाकलेल्या कनेक्टिंग रॉडमागे कमी आरपीएमवरचा भरमसाट टॉर्क हे कारण वारंवार आढळते, आणि क्लचवर ताण येतो तोही टॉर्कचाच.

छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनांत याच पट्ट्यात आणखी एक धोका असतो. कमी आरपीएम आणि जास्त भार अशा स्थितीत ऑइल-इंधनाचे सूक्ष्म थेंब किंवा कार्बनचे कण स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटवू शकतात. अशा एखाद्या अवेळी पेटण्याचा दाब इतका प्रचंड असतो, की पिस्टनवर रिंग बसतात त्या खाचांमधली धातूची कड तुटते. ऑइलमधील कॅल्शियमयुक्त डिटर्जंटमुळे ही प्रवृत्ती वाढते असे आढळल्याने अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे (एपीआय) 2018 मध्ये एपीआय एसएन प्लस आणि 2020 मध्ये एपीआय एसपी हे ऑइलचे दर्जे आले. त्यांत या दोषाविरुद्धची चाचणी अंतर्भूत आहे. त्यामुळे ताकद वाढवलेल्या पेट्रोल टर्बो गाडीत गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या जाडीचे आणि किमान एपीआय एसपी दर्जाचे ऑइल असावे. त्याबरोबर चालवण्याची सवयही बदलावी लागते. वरच्या गिअरमध्ये 1500 आरपीएमला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबण्यापेक्षा एक गिअर खाली घेणे केव्हाही चांगले. ट्यूनरकडे (मॅप बदलून देणाऱ्याकडे) जाताना ‘किती अश्वशक्ती मिळेल’ हा प्रश्न नंतर विचारावा. आधी ‘2500 आरपीएमच्या खाली टॉर्क किती ठेवणार’ हे विचारावे आणि त्याचे उत्तर आलेखाच्या स्वरूपात मागावे.

आलेखाविषयी एक इशारा. वेगवेगळ्या डायनोवरील (शक्ती मोजणाऱ्या यंत्रांवरील) आकड्यांची तुलना करता येत नाही, कारण चाकांवर मोजलेली शक्ती आणि इंजिनाची शक्ती यांत गिअरबॉक्समधील घट असते आणि ती घट प्रत्येक यंत्र आपल्या पद्धतीने धरते. त्याच यंत्रावर त्याच दिवशी घेतलेली बदलापूर्वीची आणि बदलानंतरची नोंद, एवढीच तुलना विश्वासार्ह मानावी.

उष्णतेला दुय्यम मानणे

बाहेरचे तापमान 30 अंश सेल्सिअस असताना हवा दुप्पट दाबापर्यंत दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर टर्बोतून बाहेर पडणारी हवा सुमारे 125 अंशांची असते. छोटा टर्बो त्याच्या सोयीच्या पट्ट्याबाहेर ढकलला आणि कार्यक्षमता 60 टक्क्यांवर घसरली, तर हीच हवा 140 अंशांपर्यंत जाते. म्हणजे बूस्ट वाढूनही सिलिंडरमध्ये जाणारी हवा विरळच राहते आणि नॉकिंगचा (मिश्रण आपोआप पेटून ठोके बसण्याचा) धोका मात्र वाढतो. पहिल्यांदा जोरात पळवल्यावर गाडी छान ओढते, पण लागोपाठ दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ढिली पडते, हे इंटरकूलर पुरा पडत नसल्याचे ठळक लक्षण आहे. तापलेली हवा पाहून ईसीयू स्पार्क उशिरा देते आणि वाढवलेली ताकद परत काढून घेते. इंटरकूलर मोठा बसवायचा झाल्यास केवळ आकारावर जाऊ नये. आतली रचना खराब असेल तर त्यातून जाताना दाबच घटतो आणि ती घट भरून काढण्यासाठी टर्बोला पुन्हा जास्त फिरावे लागते.

बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर बसवून आवाज वाढतो. मात्र तो इंजिनाभोवतीची तापलेली हवा ओढत असेल तर नुकसानच होते. कंपनीचा बंद डबा आणि बाहेरून हवा आणणारी नळी यांना बहुतेक गाड्यांत साध्या रीमॅपपर्यंत हात लावण्याची गरज पडत नाही.

इंधन आणि प्लग यांचा विचार न करणे

98 ऑक्टेनच्या (ऑक्टेन म्हणजे इंधनाची नॉकिंग रोखण्याची क्षमता) पेट्रोलसाठी लिहिलेला मॅप 91 ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालवला तर गाडी लगेच बंद पडत नाही, आणि त्यामुळेच चूक लक्षात येत नाही. नॉक सेन्सर ठोके ऐकून स्पार्क मागे घेत राहतो. पण ही अखेरची संरक्षक व्यवस्था आहे आणि रोजची गाडी तिच्या भरवशावर चालवणे म्हणजे एक्झॉस्टचे तापमान सतत चढते ठेवणे. जे इंधन रोज खात्रीने मिळते, त्याच इंधनासाठी मॅप लिहून घ्यावा.

रीमॅपनंतर पूर्ण ॲक्सिलरेटरवर गचके बसू लागले, तर पहिला संशय प्लगवर घ्यावा. सिलिंडरमधला दाब वाढला की तेवढ्याच फटीतून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते आणि जुन्या कॉइलकडे ते नसते. 0.8 मिलिमीटरची फट 0.6 ते 0.7 वर आणणे आणि ट्यूनरच्या सल्ल्याने एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारा) प्लग लावणे, एवढ्यावर हा दोष अनेकदा जातो. फट पाहण्याआधीच महागडे इंजेक्टर बदलणारेही आढळतात.

क्लच आणि गिअरबॉक्सची मर्यादा न तपासणे

प्रत्येक गिअरबॉक्सला सोसवणारा टॉर्क ठरलेला असतो. फोक्सवॅगन समूहाचा सात गिअरचा, कोरड्या जुळ्या क्लचचा डीक्यू200 हा गिअरबॉक्स 250 न्यूटन मीटरसाठी बनवलेला आहे, तर सहा गिअरचा, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचचा डीक्यू250 साधारण 350 पर्यंत झेपवतो. वरच्या उदाहरणातला 320 चा मॅप पहिल्यावर लादणे म्हणजे क्लचचे आयुष्य जाणूनबुजून कमी करणे.

ऑटोमॅटिक गाड्यांत आणखी एक बारकावा असतो आणि त्याकडे फार कमी जण पाहतात. इंजिनाचे ईसीयू जेवढा टॉर्क कळवते, त्यावरून गिअरबॉक्स क्लचवरील दाब ठरवतो. काही मॅपमध्ये मर्यादा टाळण्यासाठी हा आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दाखवला जातो. मग क्लचला पुरेसा दाब मिळत नाही, तो सूक्ष्मपणे घसरत राहतो आणि दोष दिला जातो गिअरबॉक्सला. मॅन्युअल गाडीत तपासणी सोपी आहे. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये साधारण 2500 आरपीएमवरून जोर द्यावा. वेग त्या प्रमाणात न वाढता आरपीएमचा काटा झपकन चढला, तर क्लच घसरतो आहे.

ब्रेक आणि टायर शेवटी ठेवणे

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 100 किलोमीटरऐवजी 140 वरून गाडी थांबवताना ब्रेकना जवळजवळ दुप्पट ऊर्जा पचवावी लागते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट 4 दर्जाचे नवे ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, परंतु ओलावा शोषलेल्या त्याच ऑइलची किमान मर्यादा 155 अंशांवर येते, आणि ते उकळले की पेडल मऊ पडून खाली जाते. ताकद वाढवण्याआधी ब्रेक ऑइल बदलणे, चांगल्या दर्जाचे पॅड घालणे आणि टायरवरचे वेगाचे अक्षर पाहणे (एच म्हणजे 210, व्ही म्हणजे 240 किलोमीटर) ही कामे उरकावीत. ज्या गाडीतून मुले आणि वडीलधारी मंडळी प्रवास करतात, त्या गाडीत याबाबत तडजोड करूच नये.

लक्षणे दिसूनही नोंदी न पाहणे

वाढवलेली गाडी बिघडली की अंदाजाने सुटे भाग बदलत बसण्यापेक्षा ओबीडी सॉकेटला (गाडीतील दोष तपासणीच्या जोडणीला) स्कॅनर जोडून एका पूर्ण ॲक्सिलरेटरच्या धावेची नोंद घ्यावी. मागितलेला बूस्ट 1.2 बार, प्रत्यक्ष 0.95 आणि वेस्टगेट पूर्ण मिटलेले, असे दिसले तर गळती आहे किंवा टर्बोची क्षमता संपली आहे. प्रत्यक्ष बूस्ट मागणीच्या वर उसळून गाडी लिंप मोडमध्ये (संरक्षणासाठी ताकद कमी केलेल्या स्थितीत) जात असेल, तर वेस्टगेट अडकते आहे किंवा त्याचे नियंत्रण चुकीचे बसवले आहे. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत वरच्या आरपीएमला रेलमधला (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीतला) इंधनाचा दाब मागणीखाली कोसळत असेल, तर उच्चदाब पंपाची क्षमता संपली आहे, आणि तो मॅप तसाच चालवणे धोक्याचे आहे, कारण इंधन कमी पडले की पिस्टन वितळू शकतात. एकाच सिलिंडरमध्ये सतत नॉक दिसत असेल, तर मॅपआधी त्या सिलिंडरचा प्लग, कॉइल आणि इंजेक्टर पाहावा.

आत येणाऱ्या हवेचे वजन एमएएफ (हवाप्रवाह) सेन्सरने मोजणाऱ्या गाडीत हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावला, की मोजलेली हवा वाया जाते आणि गिअर बदलताना मिश्रणात इंधन जास्त होऊन इंजिन अडखळते. कंपनीचा, हवा परत आत वळवणारा व्हॉल्व्ह त्यापेक्षा चांगला. रेल प्रेशर सेन्सरला चुकीचा आकडा दाखवून काम करणाऱ्या स्वस्त ट्यूनिंग बॉक्सची मी शिफारस करणार नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा डिझेल गाडीतला धूरकण गाळणारा फिल्टर काढणे बहुतेक देशांत बेकायदा आहे आणि शेजारच्या माणसाच्या फुफ्फुसांवर अन्याय करणारेही आहे.

मोठ्या टर्बोचा मोह

रीमॅपच्या पुढची पायरी म्हणून मोठा टर्बो सुचवला जातो. त्याच्यामागून इंजेक्टर, उच्चदाब पंप, इंटरकूलर, क्लच, बऱ्याच इंजिनांत मजबूत कनेक्टिंग रॉड आणि ब्रेक यांची यादी येते. एवढे करूनही मोठे टर्बाइन फिरायला वेळ घेते, त्यामुळे 2000 ते 3000 आरपीएमच्या ज्या पट्ट्यात घरची गाडी दिवसभर चालते, तिथेच ती पूर्वीपेक्षा मंद होते. हा सगळा खर्च एका कागदावर मांडून तो सध्याच्या गाडीच्या विक्रीच्या किमतीत मिळवला, तर कारखान्यातूनच तेवढी ताकद, तसे ब्रेक आणि तसा गिअरबॉक्स घेऊन आलेली वापरलेली गाडी बहुधा त्याच रकमेत बसते. म्हणून कौटुंबिक गाडीसाठी माझे मत स्पष्ट आहे: निरोगी इंजिनावर खालच्या आरपीएमला टॉर्क आवरलेला सौम्य रीमॅप, चांगले ब्रेक आणि गरज असेल तर इंटरकूलर, इथे थांबावे.

बदल करण्यापूर्वी विमा कंपनीला लेखी कळवावे, कारण न कळवलेला बदल अपघातानंतर दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो. वॉरंटी शिल्लक असेल तर ती संपेपर्यंत थांबावे. मूळ फाइल काढून घेतल्याची खात्री ट्यूनरकडून करून घ्यावी, तिची एक प्रत आपल्याकडे ठेवावी आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत. गाडी विकताना, आणि दोष मॅपचा की गाडीचा हे ठरवताना, मूळ स्थितीत परत जाता येणे आवश्यक असते.