'अशी फाइल नाही' म्हणजे नेमकी कुठली? लायब्ररी जोडताना या चुका टाळा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादर कारखान्यात लेबल छापायचा जुना प्रोग्रॅम नव्या उबुंटू मशीनवर चालेना. एरर एकच : अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही. "सर, फाइल तर समोर दिसायलीय की!" म्हणत तिथल्या पोरानं आधी ७७७ परवानगी (सगळ्यांना सगळं करायची मुभा) दिली, मग दोनदा अख्खी सिस्टिम नव्यानं टाकली. दोन दिवस माल लेबलाविना पडून.

मी प्रोग्रॅमच्या आतल्या नोंदी दाखवणारी 'रीडएल्फ -एल' ही कमांड चालवून इंटरप्रिटरची, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या लोडरची, ओळ वाचली. तिथं ३२ बिटच्या लोडरचा पत्ता होता आणि मशीन निव्वळ ६४ बिटचं. डायनॅमिक प्रोग्रॅम म्हणजे लायब्ऱ्या (तयार कोडच्या फाइली) बाहेरून घेणारा; तो सुरू करताना कर्नल (सिस्टिमचा गाभा) त्यात नोंदलेला लोडरही मेमरीत आणतो आणि आधी त्यालाच चालवतो. लोडर लायब्ऱ्या शोधतो, जोडतो, मगच प्रोग्रॅमची पाळी येते. सापडत नव्हता तो लोडर. ३२ बिटची लिबसी (जवळपास सगळ्या प्रोग्रॅमना लागणारी मूळ लायब्ररी) टाकली, त्या पॅकेजातच तो येतो. पुढच्या एररमध्ये राहिलेल्या लायब्ररीचं नाव आलं आणि काम मार्गी लागलं. एरर वाचायला पाच मिनिटं न देता फॉरमॅट मारायची ही घाई मला सहन होत नाही.

दुसरी खोड म्हणजे बॅशआरसीत (शेल, म्हणजे कमांडची खिडकी, उघडताना वाचली जाणारी फाइल) 'एलडी_लायब्ररी_पाथ' हे लायब्ऱ्या कुठं शोधायच्या ते सांगणारं व्हेरिएबल चिकटवून मोकळं होणं. त्या शेलमधून सुटणारा जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम मग आधी तुमच्याच फोल्डरात शोधतो, तिथली जुनी लायब्ररी उचलतो आणि भलतंच काही बंद पडतं. ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन बॅशआरसी वाचत नाही, त्यामुळे रात्रीचं काम तरीही अडतंच. मी फोल्डरचा पत्ता 'एलडी.एसओ.कॉन्फ.डी' या फोल्डरमधल्या फाइलीत लिहितो आणि लोडरची लायब्ऱ्यांची यादी ताजी करणारी 'एलडीकॉन्फिग' कमांड चालवतो. चाचणीपुरतं हवं असेल तर व्हेरिएबल त्या एकाच कमांडच्या आधी लिहा.

नवी लायब्ररी टाकून 'एलडीकॉन्फिग' विसरू नका.

लायब्ररीच्या फाइलीच्या नावात शेवटी आवृत्तीचा आकडा असतो; .एसओ.२ ला .एसओ.१ नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारं नाव) देऊ नका. तो आकडा बदलतो तो सुसंगती तुटल्यामुळेच.

दुसऱ्या मशीनची लिबसी आणून वर टाकू नका. लोडर आणि लिबसी जोडीनं चालतात. जोडी बिघडली की फाइलींची यादी दाखवणारी साधी 'एलएस'सुद्धा उठत नाही, अ‍ॅडमिनचे हक्क देणारी 'सुडो'ही नाही.

अनोळखी प्रोग्रॅमवर लागणाऱ्या लायब्ऱ्या दाखवणारी 'एलडीडी' नको, काही वेळा तो प्रोग्रॅमच चालू होतो. 'रीडएल्फ -डी'मधल्या 'नीडेड' ओळी बघा, त्यात हव्या असलेल्या लायब्ऱ्यांची नावं असतात. एवढ्यावरही लायब्ररी कुठून येतेय कळलं नाही, तर 'एलडी_डीबग=लिब्स' लावून चालवा; लोडर कुठं कुठं डोकावला ते ओळीनं दिसतं.