नगरसेवक झालात? आधी आठवडे बाजार बघा

डिसेंबर 2025 च्या निवडणुकांनंतर आमच्या भागातल्या बऱ्याच नगरपरिषदांमध्ये नवे चेहरे आले. त्यातली काही पोरं ओळखीची, काहींचे वडील ओळखीचे. मी नोकरीभर नगरपरिषदेच्या बाजार आणि कर विभागात होतो, म्हणून फोन येतात. प्रश्न साधारण एकच असतो : "काका, गावात धंदा-रोजगार वाढवायचा तर सुरुवात कुठून करू?" आणि मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य : "एमआयडीसी आणायची आहे."

एमआयडीसी तुमच्या ठरावाने येत नाही. भूसंपादन, भूखंड, दर, सगळं मुंबईच्या हातात. तुम्ही मागणीचा ठराव जरूर करा, आमदारांच्या हातात द्या आणि आपल्या कामाला लागा. आपलं काम कोणतं? 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडचे 18 विषय आहेत, त्यात 'आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन' तिसराच आहे. पण नुसत्या अनुसूचीने पोट भरत नाही. 1999 साली नगरपरिषदांची जकात गेली, तिच्या बदल्यात येणारं सहायक अनुदान पगार-पेन्शन करता करता संपतं. म्हणजे कारखान्याला सवलत द्यायला तुमच्याकडे पैसा नाही. तुमच्याकडे आहे ती जागा, परवानगी, भाडं, पाणी, दिवाबत्ती आणि पुरवठादाराचं बिल वेळेवर काढायची ताकद. एवढ्यावर गावातला पैसा फिरता ठेवता येतो, आणि तो सगळ्यात जास्त फिरतो आठवडे बाजारात.

तेव्हा पहिलं काम : एक अख्खा बाजार उभ्याने बघा. पांढरे कपडे घालून, चार कार्यकर्ते घेऊन नाही. पहाटे टेम्पो उतरतात तेव्हा जा आणि रात्री झाडूवाल्या येईपर्यंत थांबा. वहीत लिहा : कोणत्या गावचा माल आला, किती जण शेतकरी आणि किती जण व्यापारी, टेम्पो कुठे उभे राहिले, कोणत्या कोपऱ्यात चिखल होता. भाजी विकणाऱ्या बाया दिवसभर पाणी का पीत नाहीत हे विचारा. उत्तर मिळालं की बाजाराजवळ चालू, आतून कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह किती लांब आहे ते पावलांनी मोजा. संध्याकाळी कोण लवकर उठतं तेही बघा. अंधारात सुटे पैसे मोजता येत नाहीत म्हणून म्हातारी माणसं दिवे लागायच्या आत उरलेला माल पडेल भावात देऊन टाकतात. चार हायमास्ट, म्हणजे उंच खांबांवरचे मोठे दिवे, लावले की त्यांना दोन तास जादा मिळतात. याला कुठलीही योजना लागत नाही, विद्युत विभागाच्या नेहमीच्या तरतुदीत बसतं.

मग वसुलीचा हिशोब मागवा. बाजार ठेक्याने दिलाय की नगरपरिषदेची माणसं पावती फाडतात? समजा विक्रेत्यांच्या बसायच्या 400 जागा आणि दर 20 रुपये, तर एका बाजाराचे 8,000 आणि वर्षाच्या 52 बाजारांचे 4 लाख 16 हजार. ठेका दीड लाखात गेला असेल, तर मधले अडीच लाख कुठे गेले हा प्रश्न सभेत विचारता येतो. मात्र आकडा हातात घेऊनच विचारा, नुसता आवाज चढवला तर ठेकेदाराची माणसं तुमच्यापेक्षा मोठ्याने ओरडतात. दराचा फलक बाजाराच्या प्रत्येक तोंडाशी लावायला लावा आणि पावतीवर रक्कम छापलेली असलीच पाहिजे असं ठेक्याच्या अटींत घाला. पाटी घेऊन बसलेल्या बाईकडून टेम्पोवाल्याइतकीच फी घेतली जाते का, तेवढं एकदा तपासाच.

इथे ओट्यांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. जवळपास प्रत्येक गावात नगरपरिषदेने बांधलेले सिमेंटचे बाजार ओटे असतात आणि त्यावर कुत्री झोपलेली असतात. विक्रेते मात्र समोर रस्त्यावर. लोक म्हणतात, विक्रेत्यांना शिस्त नाही. शिस्तीचा काय संबंध? गिऱ्हाईक रस्त्याने जातं, मागच्या रांगेतल्या ओट्यापर्यंत कुणी पोचत नाही. ओटा कमरेइतका उंच केला की गोणपाट अंथरून मांडी घालून बसणाऱ्या बाईला चढता येत नाही, आणि वर पत्रा इतका उंच टाकतात की दुपारचं ऊन तिरकं आत येतं. इंजिनिअर नकाशा खोलीत बसून काढतो, दुसरं काय होणार. माझा सल्ला असा, की सिमेंट ओतायच्या आधी मैदानात नुसत्या चुन्याच्या रेघा मारा. गिऱ्हाइकाची वाट मधून जाईल आणि दोन्ही बाजूंना एकेकच रांग राहील अशी आखणी करून एक पावसाळा, एक उन्हाळा बाजार भरवा. जी जागा रिकामी राहते तिथे बांधू नका. आखणीआधी विक्रेत्यांना विचारायचं हे तर कायदाच सांगतो. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर विक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे आणि त्यातल्या एक तृतीयांश बाया असायला हव्यात. तुमच्याकडे समिती कागदावरच असेल तर तिची सभा लावायला लावा. विक्रेत्यांचं सर्वेक्षण झालं, ओळखपत्रं मिळाली, की बँकेत पीएम स्वनिधीचं, म्हणजे पथविक्रेत्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेतलं, कर्ज मागायला त्यांना तोंड मिळतं. आधी पहिल्या खेपेचं कर्ज 10 हजारांचं होतं, 2025 मध्ये ते 15 हजार झालं. 15 हजार तुम्हाला किरकोळ वाटतील. सावकाराकडून सकाळी घेऊन संध्याकाळी फेडणाऱ्याला विचारा.

आता गाळे. हा विषय हातात घेताना जरा जपून, कारण निम्म्या गाळ्यांवर तुमच्याच पक्षाची, नाहीतर घरातली माणसं निघतील. मालमत्ता विभागाकडून गाळेनिहाय यादी मागा : मूळ भाडेकरू, करार कधी संपला, भाडं किती, थकबाकी किती. मग यादी घेऊन फिरा आणि दुकानात लावलेल्या परवान्यावरचं, वीजबिलावरचं नाव जुळतं का बघा. जुळत नसेल तर पोटभाडेकरू आहे. नगरपरिषदेला महिना 600 रुपये देणारा मूळ धनी आत बसलेल्याकडून 6,000 घेतो, असे प्रकार मी डोळ्यांनी पाहिलेत. धंदा करणारा वेगळा आणि मलई खाणारा वेगळा. जो खरा दुकान चालवतो त्याला हुसकू नका. करार संपलेल्या गाळ्यांचं फेरमूल्यांकन करून लिलाव काढा. 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमातलं कलम 92 लिलावाआधी वाचून घ्या, तीन वर्षांपुढचा भाडेपट्टा द्यायचा तर वरची मंजुरी लागते. आणि कुणी दोन मजली व्यापारी संकुलाचा प्रस्ताव आणला तर विरोध करा. लहान गावात भाजी, चप्पल, मोबाईल रिचार्ज यांसाठी जिना कुणी चढत नाही. वरचा मजला दहा वर्षं रिकामा आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू.

जागाच नाही असं मुख्याधिकारी सांगतील. तेव्हा विकास आराखड्याचा नकाशा मागा, रंगीत, मोठा. त्यात भाजी मंडई, शॉपिंग सेंटर, वाहनतळ अशी आरक्षणं असतात, त्यांच्यापुढे ताबा आला की नाही ते लिहून घ्या. आराखडा मंजूर होऊन दहा वर्षं झाली असतील तर घाई करा. एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली जमीनमालक खरेदीची नोटीस देतो आणि 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप उठतं. ही नोटीस आवक-जावकच्या ढिगात पडून राहिली म्हणून बाजाराची जागा गेली, अशी गावं आहेत. कधीकधी ती पडून राहावी अशीच कुणाची तरी इच्छा असते, एवढंच म्हणतो.

पाणी आणि कचरा हे लोकांना विकासाचे विषय वाटत नाहीत, मला वाटतात. खानावळ, लॉज, बर्फाचं दुकान यांना टँकरवर धंदा परवडत नाही. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून 24 तास पाणी दिलं, आणि वेंगुर्ल्यासारख्या चिमुकल्या नगरपरिषदेने कचरा डेपोचं रूप असं पालटलं की बाहेरगावचे लोक तो बघायला जातात. दोन्ही ठिकाणी जाऊन या. अभ्यास दौऱ्याचे पैसे गोव्यात उडवण्यापेक्षा बरं.

बचत गटांचं थोडक्यात. पापड-मसाल्याच्या गटाला केंद्राच्या पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेत प्रति सदस्य 40 हजारांपर्यंत बीज भांडवल मिळू शकतं, अर्ज करायला मदत करा. पण भांडवलापेक्षा त्यांना गिऱ्हाईक हवं असतं. नगरपरिषद स्वतःच मोठं गिऱ्हाईक आहे : सफाई कामगारांचे गणवेश, कापडी पिशव्या, सभेचा चहा-नाश्ता. नियमात बसेल तिथे हे काम गावातल्या गटाला द्या आणि बिल महिनाभरात काढा. गावातला छोटा पुरवठादार बिल सहा महिने अडकलं की मरतो. तुम्ही लेखा विभागात दर पंधरा दिवसांनी जाऊन 'प्रलंबित देयकं किती' एवढंच विचारत राहिलात तरी फरक पडतो.

शेवटी कागद. सभेत भाषण करून काही होत नाही, विषयपत्रिकेवर विषय यावा लागतो. सर्वसाधारण सभेची नोटीस सात दिवस आधी निघते, म्हणून तुमचं पत्र त्याच्याही आधी नगराध्यक्षांकडे द्या आणि पोच घ्या. विषय मोघम लिहू नका. 'बाजाराचा विकास करणे' असं लिहिलंत तर त्यातून काहीही निघतं. 'आठवडे बाजार मैदानात चार हायमास्ट व महिलांसाठी स्वच्छतागृह बांधणे, खर्च अमुक लेखाशीर्षातून' असं लिहा. लेखाशीर्ष, म्हणजे खर्च अर्थसंकल्पातल्या ज्या नावाखाली पडतो ते, कोणतं हे लेखापालाला चहा पाजून विचारा, तो सांगतो. तरतूदच नसेल तर फेब्रुवारीतल्या अर्थसंकल्पाच्या सभेआधी घालून घ्या. ठराव कायद्यात बसतो की नाही हेही आधीच तपासा, नाहीतर विरोधक जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात आणि 1965 च्याच अधिनियमाच्या कलम 308 खाली ठराव अडकतो. पुढच्या सभेत 'मागील सभेचे कार्यवृत्त कायम करणे' हा पहिला विषय असतो, तेव्हा सगळे चहाकडे बघत असतात. तुम्ही तुमचा ठराव शब्दन् शब्द वाचा. चारचे दोन हायमास्ट झालेले असू शकतात. बरोबर असेल तर सही-शिक्क्याची नक्कल मागा आणि त्याच दिवशी बांधकाम विभागात अंदाजपत्रकासाठी देऊन टाका.