‘पासून’ आला की थांबा: सिन्स आणि फॉर नेमके कुठे वापरायचे

आधी स्वतःची वाक्यं जमवा. मोबाइलवर दोन मिनिटं इंग्रजीत बोला: कुठे राहता, काय शिकलात, काय काम करता. मग ऐकून शब्द न् शब्द वहीत उतरवा. ‘पाचशे चुका’ छापाच्या याद्या पाठ करू नका. त्यातल्या बऱ्याच चुका तुम्ही करतच नसता.

किरकोळ चुका एका बैठकीत खोडा. डिस्कसपुढे अबाउट नको, रिटर्नपुढे बॅक नको, कझिनपुढे ब्रदर नको. उसनं घेणं ते बॉरो, उसनं देणं ते लेंड. एवढंच.

खरं घोडं अडतं ते इथे: ‘आय ॲम लिव्हिंग इन कळवा सिन्स फाइव्ह इयर्स.’ यात दोन चुका आहेत आणि दोन्हींचं मूळ मराठीत आहे. आपण ‘2019 पासून’ म्हणतो, तसंच ‘पाच वर्षांपासून’ही म्हणतो. इंग्रजीत मात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून ‘पासून म्हणजे सिन्स’ असं कुणी शिकवलं असेल तर ते आजच विसरा.

वाक्य बोलण्याआधी ‘कधीपासून?’ याचं उत्तर तपासा. कॅलेंडरवर बोट ठेवता येतं का? मग सिन्स: सिन्स 2019, सिन्स मंडे, सिन्स दिवाळी. बोटांवर मोजता येतं का? मग फॉर: फॉर फाइव्ह इयर्स, फॉर टू अवर्स. बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी 1853 साली धावली. म्हणून ठाण्यात रेल्वे आहे ‘सिन्स 1853’, किंवा ‘फॉर मोअर दॅन 170 इयर्स’.

सगळ्यात फसवं आहे ते ‘सिन्स लास्ट फाइव्ह इयर्स’. कानाला बरोबर वाटतं, पण चूक आहे. ‘फॉर द लास्ट फाइव्ह इयर्स’ म्हणा. ‘सिन्स लास्ट इयर’ मात्र बरोबर, कारण तिथे सुरुवात कधी झाली ते सांगितलंय.

दुसरी चूक क्रियापदाची. मराठीत ‘राहतो’ हा साधा वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत जे तेव्हा सुरू झालं आणि अजून चालू आहे, त्याला ‘हॅव बीन’ लागतं: ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन कळवा फॉर फाइव्ह इयर्स.’ ओळख सांगताना मात्र ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’; तिथे नोइंग चालत नाही. आणि ऐरोलीच्या मुलाखतीत ‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ म्हणालात, तर ती नोकरी तुम्ही सोडली असाच अर्थ घेतला जाईल. अजून तिथेच असाल तर ‘हॅव वर्क्ड’ म्हणा.

सरावाला ठाणे-वाशी लोकल उत्तम. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे: प्रत्येक स्टेशनला स्वतःबद्दलचं एक खरं वाक्य, आधी सिन्स घालून, मग तेच फॉर घालून. पुटपुटलात तरी चालेल, पण तोंडाने म्हणा. नुसतं मनात म्हटलं की जुनं ‘आय ॲम’ परत येतं.