सीमाभागातील कमी मिळकतीच्या घराने वीज आणि गॅसचा खर्च कसा आवरावा

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडच्या मराठी घरांत मोबाईलवर येणारे पुष्कळसे संदेश कोल्हापूर-पुण्याहून आलेले असतात, आणि त्यांतील वीजदर व सवलती महाराष्ट्राच्या असतात. तेथील अन्नपूर्णा योजनेचे तीन मोफत सिलिंडर कर्नाटकातील रहिवाशाला मिळत नाहीत, आणि महावितरणच्या दरांचाही आपल्या बिलाशी संबंध नसतो. आपली वीज हुबळीच्या हेस्कॉम कंपनीची आहे, दर कर्नाटक विद्युत नियामक आयोग ठरवतो आणि सवलत आहे ती गृहज्योती योजनेची. म्हणून खर्च आवरण्याची सुरुवात या योजनेचा हिशेब नीट समजून घेण्यापासून करावी.

जुलै 2023 पासून लागू झालेल्या या योजनेत दोनशे युनिटपर्यंत वीज मोफत आहे, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. प्रत्येक मीटरची मोफत मर्यादा वेगळी असते. 2022-23 या वर्षातील आपला महिन्याचा सरासरी वापर आणि त्यावर दहा टक्के, एवढेच युनिट मोफत मिळतात. सरासरी 48 युनिटांपेक्षा कमी असलेल्या घरांना दहा टक्क्यांऐवजी दहा युनिट जादा देण्याचा निर्णय 2024 च्या जानेवारीत झाला. समजा आपली सरासरी 60 होती, तर मर्यादा 66 झाली. एखाद्या महिन्यात 80 युनिट जळले, तर वरच्या 14 युनिटांचे पैसे भरावे लागतात. मात्र वापर दोनशेच्या पुढे एका युनिटाने जरी गेला, तरी त्या महिन्याची सवलत पूर्ण जाते आणि पहिल्या युनिटापासून आकारणी होते. 2025-26 च्या दरांनुसार युनिटला 5 रुपये 80 पैसे आणि मंजूर भाराच्या (जोडणीला मंजूर झालेल्या वीजक्षमतेच्या) प्रत्येक किलोवॅटला 145 रुपये स्थिर आकार धरला, तर एक किलोवॅट भाराच्या घराचे 201 युनिटांचे बिल तेराशेच्या पुढे जाते, आणि कर व अधिभार त्यावर वेगळे.

म्हणून जुनी बिले काढून आपली मर्यादा शोधावी आणि ती मीटरशेजारी भिंतीवर लिहून ठेवावी. बिलावरील मजकूर बहुतांशी कन्नड असतो. घरात कन्नड शाळेत जाणारे मूल असल्यास त्याच्याकडून मागील रीडिंग, चालू रीडिंग, वापर आणि बाकी हे चार आकडे एकदा समजून घ्यावेत, पुढे जागा पाहूनच ते ओळखता येतात. त्यानंतर दर रविवारी मीटरचा आकडा वहीत टिपावा. पंधरा दिवसांत मर्यादेचा निम्म्याहून जास्त भाग संपला असेल, तर उरलेल्या पंधरा दिवसांत हात आखडता घेता येतो. बिल हातात पडल्यावर काहीच करता येत नाही.

कोणती वस्तू किती वीज खाते, हे मीटरच सांगतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ, उदाहरणार्थ, 3200 असा आकडा छापलेला असतो. म्हणजे दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट संपले. घरातील सर्व बटणे बंद करून फक्त पाणी तापवण्याची दीड हजार वॅटची कॉइल लावावी आणि घड्याळ धरून मोजावे. मिनिटाला सुमारे ऐंशी वेळा दिवा लागतो. त्याच मीटरवर साठ वॅटचा जुना बल्ब लावला, तर मिनिटाला जेमतेम तीन वेळा. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की घरातील लहानांनाही कॉइलचा खर्च वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सर्व काही बंद असतानाही दिवा लुकलुकत राहिला, तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा आपल्या मीटरवरून दुसरीकडे वीज जाते आहे, असे समजून जाणकार वायरमनला दाखवावे.

आपल्याकडे पावसाळा लांब आणि थंडीही बऱ्यापैकी, त्यामुळे आंघोळीचे पाणी हाच बहुतेक घरांतील सर्वांत मोठा खर्च ठरतो. कॉइल रोज अर्धा तास चालली तरी महिन्याला बावीस-तेवीस युनिट जातात, म्हणजे 66 च्या मर्यादेचा तिसरा हिस्सा. ज्यांच्या परसात बंब किंवा चूल आहे, त्यांनी मृगाच्या आधी वाळके सरपण आडोशाला रचून ठेवावे आणि पाणी त्यावरच तापवावे. मात्र बंब बंद खोलीत पेटवू नये, धुराने जीव जाऊ शकतो. भाड्याच्या खोलीत तशी सोय नसेल, तर सर्वांचे पाणी एकापाठोपाठ तापवून लगेच वापरावे. बल्बच्या जागी नऊ वॅटचा एलईडी लावणे आणि टीव्हीसोबत सेट-टॉप बॉक्सही भिंतीवरील बटणावरूनच बंद करणे, एवढ्यावर बाकीच्या वस्तूंचे भागते.

वाटणी झालेल्या भावांचा मीटर एकच राहिलेला असतो, ही गावोगावची अडचण आहे, आणि माझ्या मते गरीब घरांचे सर्वाधिक नुकसान येथेच होते. दोन चुलींचा वापर प्रत्येकी 110 युनिट असला, तर एकत्र 220 होतात आणि दोन्ही घरांची सवलत जाते. स्वयंपाकघर व दार वेगळे असल्यास दुसऱ्या जोडणीसाठी कोणती कागदपत्रे आणि किती अनामत लागेल, याची चौकशी हेस्कॉमच्या स्थानिक कार्यालयात आधी करावी. जुना हिशेब नसलेल्या नव्या जोडणीला महिन्याला 58 युनिट मोफत धरले जातात. भाडेकरूंनाही योजना लागू आहे. भाडेकरार आणि आधार यांच्या आधारे घरमालकाच्या मीटरवर आपली नोंदणी करता येते, आणि खोली बदलताना जुन्या मीटरवरील नोंद काढून घ्यावी लागते, कारण एका व्यक्तीला एकाच मीटरचा लाभ मिळतो. घरगुती मीटरवर माग किंवा दुकान चालवू नये. ही सवलत फक्त घरगुती वापरासाठी आहे.

गॅसबाबत थोडक्यात. उज्ज्वला जोडणी असल्यास 14.2 किलोच्या सिलिंडरमागे 300 रुपये अनुदान बँक खात्यात येते, 2025-26 मध्ये वर्षाला नऊ सिलिंडरपर्यंत. ते येत नसेल, तर आधार खात्याशी जोडलेले आहे का आणि ई-केवायसी झाले आहे का, हे एजन्सीत तपासावे. एकदम पैसे जमत नसतील, तर पाच किलोच्या सिलिंडरची मागणी करता येते. डाळ व कडधान्य भिजवून कुकरला लावावे आणि आंघोळीचे पाणी गॅसवर कधीही तापवू नये.

वापर तोच असताना बिल एकाएकी वाढले, तर वहीतील रविवारचे आकडे घेऊन कार्यालयात जावे किंवा 1912 वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा. मराठीत कागदपत्रे मिळावीत ही आपली मागणी रास्तच आहे, परंतु वीज तोडण्याची वेळ आलेली असताना अर्ज कन्नडमध्ये कोणाकडून तरी लिहून घ्यावा, म्हणजे उत्तर लवकर मिळते. थकबाकी एकरकमी भरणे शक्य नसल्यास हप्ते मागावेत, तेही लेखी, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून उठू नये.