नकाशा वाचताना आधी प्रमाण, मग आकडे

सर्वेक्षणाच्या कामात मी नवा असताना एका रस्त्याची लांबी नकाशावरून मोजण्याचे काम माझ्याकडे आले होते. कागदावर १:५०,००० असे प्रमाण छापलेले होते, म्हणजे नकाशावरील एक सेंटिमीटर हे जमिनीवरील ५०० मीटर. रस्त्याच्या वळणांवरून दोरा फिरवून मी तो पट्टीवर धरला, तो १४.१ सेंटिमीटर भरला आणि मी सात किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर नोंदवले. प्रत्यक्षात रस्ता पाच किलोमीटरांचाच होता. माझ्यापुढे मूळ नकाशा नव्हता, तर ए४ आकारावरून ए३ वर वाढवलेली छायाप्रत होती; चित्र सुमारे १.४१ पट मोठे झाले होते, पण छापलेला आकडा तसाच राहिला होता.

तेव्हापासून मी कोणताही नकाशा हाती आला की प्रथम तळाशी असलेले रेषाप्रमाण, म्हणजे जमिनीवरील अंतरे खुणांनी दाखवणारी रेषा, शोधतो, कारण प्रत लहान-मोठी केली तरी ती रेषाही चित्राबरोबरच लहान-मोठी होते. १:५०,००० सारख्या अंकप्रमाणाबाबत आणखी एक गोष्ट नवख्यांना हमखास गोंधळात टाकते: छेद जितका मोठा, तितके प्रमाण लहान. त्यामुळे १:१०,००० हा बृहत्प्रमाण नकाशा ठरतो आणि १:१०,००,००० हा लघुप्रमाण.

अक्षांश-रेखांशांकडे वळताना, अंश म्हणजे अंतर नव्हे हे मनात पक्के करून घ्यावे. अक्षांशाचा एक अंश पृथ्वीवर कोठेही सुमारे १११ किलोमीटरांचा असतो, परंतु रेखावृत्ते ध्रुवांकडे एकवटत जात असल्यामुळे रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच असला तरी ६० अंश अक्षांशावर जवळजवळ निम्मा, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर उरतो.

लेखनपद्धतीतील चूक याहून महागात पडते. ४० अंश ३० मिनिटे अक्षांश म्हणजे ४०.५ अंश, ते ४०.३० असे लिहिले, तर वाचणारा त्याचा अर्थ ४० अंश १८ मिनिटे असा घेईल आणि बारा मिनिटांच्या या फरकाने बिंदू सुमारे २२ किलोमीटर सरकेल. शिवाय बोलताना आपण अक्षांश आधी सांगतो, तर जिओजेसनसारख्या संगणकीय स्वरूपात रेखांश आधी लिहावा लागतो.

प्रमाण आणि निर्देशांक (म्हणजे बिंदूचे अक्षांश-रेखांश) हे दोन वेगळे धडे म्हणून शिकवले जातात, हे मला पटत नाही. १:५०,००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलची रेघच २५ मीटर जमीन झाकते. अशा नकाशावरून उचललेल्या बिंदूचा रेखांश दशांशचिन्हानंतर सहा स्थळांपर्यंत लिहिणे म्हणजे दहा-अकरा सेंटिमीटरांपर्यंतच्या अचूकतेचा दावा करणे होय, आणि तो दावा खोटा असतो. पडद्यावर नकाशा कितीही मोठा करून पाहिला तरी ही मर्यादा हटत नाही. म्हणून मी निर्देशांकांशेजारी मूळ नकाशाचे प्रमाण आणि त्याचा डेटम (अक्षांश-रेखांश ज्या आधारावरून मोजले तो) या दोन्ही गोष्टी नोंदवतो. डेटम बदलला की त्याच आकड्यांचा बिंदू कधी काही मीटर, तर कधी शेकडो मीटर दूर जातो.