आधी कंट्रोलचा प्लॉट बघा

राहुरीहून कीटकशास्त्रात एम.एस्सी. करून अंधेरीच्या ऑफिसात लागले, तेव्हा पहिलंच काम आलं शुगरबीटचं. तोवर बीट म्हणजे माझ्यासाठी कोशिंबीर! अमेरिकेतल्या रेड रिव्हर खोऱ्यातल्या चाचण्यांचे रिपोर्ट वाचून कीटकनाशकांच्या तुलनेचा तक्ता करायचा होता. डोंबिवली ते दादर उभ्याने वाचायचे.

तिथली मोठी कीड रूट मॅगॉट. माशीची अळी जमिनीत मूळ खरवडते. नुकसान ० ते ९ श्रेणीत मोजतात. ९ म्हणजे मुळाचा पाऊण भागाहून जास्त पृष्ठभाग खरवडलेला किंवा झाड मेलेलं.

मी उत्पादनाच्या उतरत्या क्रमाने औषधं लावली, पहिल्याला पिवळा रंग दिला. मॅडमनी एवढंच विचारलं, "अगं, कंट्रोलमध्ये किती होतं?" बघितलं, तर औषध न दिलेल्या प्लॉटचं रेटिंगही २ च्या आत. अळीच फारशी नव्हती, मग पहिला नंबर कसला?

तेव्हा रिपोर्ट उघडला की आधी कंट्रोल बघा. मग आकड्यांपुढची a, b अशी अक्षरं, कोणता फरक खरा मानायचा ते सांगणारी. एक जरी अक्षर सामायिक असलं तर दोन्ही औषधं 'ॲट पार', म्हणजे सारखीच धरायची, टनांत फरक दिसला तरी. फरक खरा मानायला किमान किती हवा, त्या आकड्याला आपण विद्यापीठात 'सीडी' (क्रिटिकल डिफरन्स) म्हणतो, त्या जागी तिथे 'एलएसडी' (लीस्ट सिग्निफिकंट डिफरन्स) असतं. मला आधी छपाईची चूक वाटली होती.

आणि तुलना कशाची कशाशी चाललीय? क्लोथियानिडिनची बीजप्रक्रिया बियाण्याबरोबरच जमिनीत जाते, टर्बुफॉसचे दाणे बहुधा पेरतानाच ओळीत पडतात, फवारणी माश्या निघण्याच्या सुमारास होते. प्रादुर्भाव जोरात असला की नुसती बीजप्रक्रिया पुरत नाही, म्हणून जोड्याही तपासतात. (टर्बुफॉस हा फोरेटचा, म्हणजे गावाकडच्या थायमेटचा, सख्खा भाऊ. आपल्याकडे फोरेट २०२० अखेर बंद झालं.)

तोच तक्ता फ्रान्सला लावू नका. तिथे बिटाला छळतो तो पिवळेपणाचे विषाणू पसरवणारा मावा. शिवाय युरोपियन युनियनने २०१८ मध्ये निओनिकोटिनॉइड गटातली तीन कीटकनाशकं, त्यात क्लोथियानिडिनही, उघड्या शेतात बंद केली. बिटाच्या बियाण्याला तातडीच्या सवलती मिळत होत्या, पण जानेवारी २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्याही बेकायदा ठरवल्या.

स्टॅटिस्टिक्सच्या वह्या मी राहुरीत ज्युनियरला देऊन आले होते. पिवळा रंग पुसला त्याच संध्याकाळी तिला फोन केला आणि कुरियरने परत मागवल्या.