कोल्हापूरहून मालवणला जेवायला जाताना

कोल्हापूरकर घाट उतरून मालवण-तारकर्लीला जातो तो समुद्राइतकाच ताटासाठी. तरी परत आल्यावर ठरलेल्या तक्रारी ऐकू येतात: मासा कोरडा होता, कालवण गोडसर होतं, दीड तास बसवून ठेवलं, बिल बघून डोळे फिरले. यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ खानावळीत नसतं, मागवण्याच्या पद्धतीत असतं. किनाऱ्यावरचं स्वयंपाकघर त्या दिवशी होडीतून काय उतरलं यावर चालतं. ते विचारून जेवलं तर पत्र्याच्या शेडखालच्या घरगुती खानावळीतही उत्तम जेवण मिळतं. पाटी आणि फोटो बघून जेवलं तर मात्र नशिबावर आहे.

आधी वेळेचं बघू. कोल्हापूर ते मालवण गगनबावडा, वैभववाडी, कणकवली, कसाल असं गेलं की चार-साडेचार तास लागतात. वाटेतला गगनबावडा-वैभववाडीमधला करूळ घाट पावसाळ्यात दरडींमुळे किंवा कामासाठी बंद असू शकतो, त्यामुळे निघण्याआधी चौकशी करा. बंद असेल तर गगनबावड्याहूनच भुईबावडा घाटाने उतरता येतं, नाहीतर राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट आहेच. सकाळी सहाला निघालेली गाडी अकरापर्यंत पोचते आणि ही वेळ उत्तम. घरगुती खानावळीत दुपारचं जेवण साडेबाराला सुरू होतं आणि अडीचच्या पुढे चांगले तुकडे संपत येतात. वाटेत तीन ठिकाणी थांबून साडेतीनला पोचणाऱ्यांना उरलेलं कालवण आणि सकाळी मसाला लावून ठेवलेला शेवटचा बांगडा मिळतो. त्यात खानावळवाल्याचा दोष नाही.

तारकर्ली-देवबागच्या घरगुती ठिकाणी आदल्या रात्री फोन करा. घाटात रेंज जाते, म्हणून वाटेतून करू असं ठरवू नका. माणसं किती, मुलं किती, शाकाहारी किती, किती वाजता बसणार, हे सांगा. मग विचारा, "उद्या मासे कुठले मिळतील?" "सुरमई आहे का?" असं विचारू नका. त्या प्रश्नाचं उत्तर बारा महिने "आहे" असंच येतं, कारण सुरमई फ्रीजरमध्ये असतेच. प्रश्न मोकळा ठेवलात तर समोरचाही मोकळेपणानं सांगतो, "सकाळी रापणीला तारली नि बांगडे लागले तर तेच घ्या." रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं. त्यातला मासा तासा-दोन तासांत चुलीवर चढू शकतो. आपल्याकडे सुरमई-पापलेटपलीकडे मासा नाहीच असा समज आहे, आणि बिल फुगण्याचं मोठं कारण तोच आहे. ताजा बांगडा शिळ्या पापलेटपेक्षा कितीतरी पटीनं चांगला लागतो, शिवाय स्वस्त पडतो.

मोसमाचाही विचार हवा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. या काळात थाळीत येणारी सुरमई बहुधा बर्फातली किंवा बाहेरून आलेली असते. तेव्हा खाडीतली मासळी, खेकडे, कोळंबी किंवा सुका मासा मागवा. पावसात सुक्या बांगड्याची किसमूर (ओलं खोबरं घातलेली कोशिंबीर), गरम भात आणि सोलकढी हे जेवण मुद्दाम जाऊन जेवावं असं आहे. श्रावणात आणि गणपतीत बऱ्याच घरगुती खानावळी सामिष बंद ठेवतात, काही पूर्णच बंद असतात. आंगणेवाडीच्या जत्रेच्या दिवसांत मालवणात जागा आणि जेवण दोन्हीची मारामार असते. सोमवारी, संकष्टीला काही घरांत मासे शिजत नाहीत, तेही फोनवरच विचारून घ्या.

ताटावर बसल्यावर

थाळीत साधारणपणे एक तळलेला तुकडा, एक वाटी कालवण, एखादं सुकं (तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, जवळा किंवा सुकट), भाकरी किंवा चपाती, भात आणि सोलकढी येते. कालवण आणि भात बहुतेक ठिकाणी पुन्हा वाढतात. तळलेला तुकडा पुन्हा येत नाही. तांबडा-पांढरा वाटीवर वाटी पिण्याची आपली सवय इथं सोलकढीवर जाते. ती दुसऱ्यांदा वाढतात की वेगळे पैसे लावतात, हे आधीच विचारा. वडे नगावर मोजतात का, हेही. पापलेट, खेकडे, मोठी कोळंबी यांचा दर आकारावर असतो. फळ्यावर नुसतं "साइजप्रमाणे" लिहिलेलं असेल तर मासा कापायच्या आधी ताटलीत आणून दाखवायला सांगा आणि दर तोंडी पक्का करा. सगळीकडे असं विचारतात, यात कुणाचा अपमान होत नाही. तळून झाल्यावर केलेली घासाघीस मात्र दोघांचाही मूड घालवते.

अख्खा मासा दाखवला तर कल्ला उचलून बघा. तो लाल हवा. तपकिरी किंवा करडा असेल तर नको म्हणा. डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत, अंग बोटानं दाबल्यावर खळगा भरून यायला हवा. खेकडा जिवंत आणि हाताला जड लागला पाहिजे. हलका खेकडा कवचानं मोठा आणि मांसानं रिकामा निघतो. तिसऱ्या शिजल्यावर ज्या उघडल्या नाहीत त्या दातांनी उघडायच्या नाहीत, बाजूला ठेवायच्या.

बांगडा आणि तारलीबाबत एक गोष्ट गांभीर्यानं घ्या. हे मासे बर्फाशिवाय राहिले की त्यांत हिस्टामीन नावाचं बाधणारं रसायन तयार होतं आणि ते शिजवल्यानं किंवा तळल्यानं जात नाही. घास घेतल्यावर जिभेला चुणचुण, मिरपुडीसारखी झोंबणारी चव लागली तर तिथंच थांबा. थोड्या वेळात चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. बरेच लोक याला "मासे बाधले" म्हणून सोडून देतात. श्वासाला त्रास होऊ लागला तर लगेच दवाखाना गाठावा.

तळलेल्या तुकड्याकडे जरा नीट बघा. मालवणी पद्धतीत मासा मसाला लावून मुरवतात, रवा किंवा तांदळाच्या पिठात घोळवतात आणि तव्यावर बेताच्या तेलात मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी तळतात. बोटभर जाडीच्या सुरमईला यात दहा-बारा मिनिटं लागतात. असा तुकडा कडेला कुरकुरीत असतो, रव्याचा रंग कुठं सोनेरी कुठं तांबूस असा कमीजास्त असतो, आणि मोडला की मांसाचे ओलसर पदर सुटतात. तुकडा चहूबाजूंनी एकसारखा गडद आणि कवचासारखा टणक असेल तर तो घाईत कढईत सोडलेला किंवा दुसऱ्यांदा तळलेला आहे. मांस खडूसारखं भुगा होत असेल तर मासा गोठवून, वितळवून वापरलाय. वीस जणांनी एकदम "लवकर आणा" म्हटलं की कढई हमखास चढते. म्हणून ट्रॅव्हलर भरून गेलात तर दोन पंगती करा, पहिली मुलांची आणि म्हाताऱ्यांची.

कालवण गोडसर लागतं ते ओल्या नारळामुळे, त्यात साखर नसते. "तिखट वाढवा" म्हटलं की स्वयंपाकघरातून वरून मिरचीपूड पडते, ती कच्ची लागते आणि नारळाची चव मरते. आपली कांदा-लसूण चटणी घरी ठेवून जा. झणझणीतच हवं असेल तर बांगड्याचं तिखलं मागा. त्यात आणि तारलीच्या कालवणात तिरफळं असतात. तेलकट माशाचा उग्र वास त्यांनी तुटतो. ती चावायची नाहीत, नाहीतर जीभ बधिर होते. मटणाची सवय सुटत नसेल त्यांनी मोरी (लहान शार्क मासा) मागवावी. भाजलेल्या वाटपात शिजवतात आणि बारीक काटे नसल्यामुळे मुलांनाही चालते. कर्ली ही मासळी चवीला अप्रतिम आहे, पण काट्यांनी भरलेली. माशांचा सराव नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

कोंबडी-वडे खायचे असतील तर सकाळीच सांगावं लागतं. गावठी कोंबडी शिजायलाच दीड-दोन तास घेते. न सांगता गेलात आणि वीस मिनिटांत ताट आलं तर कोंबडी ब्रॉयलर आहे किंवा आधीच शिजलेली.

शाकाहारी माणसाला घेऊन जात असाल तर "काहीतरी व्हेज करा" एवढ्यावर सोडू नका, पनीर येईल. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी मागा, मार्च ते मे ओल्या काजूची उसळ आणि फणसाची भाजी मागा. तवा आणि तेल वेगळं आहे का, हे कडक शाकाहारी माणसानं आधीच विचारावं. बऱ्याच छोट्या ठिकाणी वेगळं नसतं.

न्याहारीला घावणे-चटणी बाजारात सहज मिळते. शिरवाळे मात्र आदल्या रात्री सांगितले तरच होतात, कारण उकड काढून साच्यातून गरम असतानाच पाडावे लागतात. गूळ-वेलदोड्याच्या नारळरसात ते लगेच खायचे. स्कुबा किंवा बोटीला जायचं असेल तर दोन तास आधी हलकं खा. मोठी थाळी नंतरच.

प्यायला काय

सोलकढी ताजी आहे की नाही हे रंगावरून बऱ्यापैकी कळतं. आमसुलं भिजवून काढलेल्या पाण्यात नारळाचं दूध घातलं की फिकट गुलाबी रंग येतो. भडक राणी रंग दिसला तर बीट किंवा रंग घातल्याची शंका घ्या. घरी करायची तर एका नारळाच्या दुधाला दहा-बारा आमसुलं, दोन लसूणपाकळ्या, एक हिरवी मिरची, मीठ एवढं पुरे. ती गरम करायची नाही, दूध फाटतं. नारळाचं दूध उन्हाळ्यात काही तासांत आंबतं, म्हणून दुपारची सोलकढी रात्री पिऊ नये. बाजारात आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस) आणि अमृत कोकम शेजारी-शेजारी मांडलेले असतात. आगळ खारट, कढीसाठी. अमृत कोकम गोड, सरबतासाठी. घाईत उलटं घेतलं की दोन्ही वाया जातं.

दारूबद्दल स्पष्ट सांगायला हवं. किनाऱ्यावर बसून पिऊ नका आणि पिऊन पाण्यात तर मुळीच उतरू नका. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथला प्रवाह पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ओढतो. गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. बांद्याजवळ इन्सुलीला आणि आंबोलीच्या रस्त्यावर तपासणी होते, पूर्ण गाडी अडकते.

पैसे रोख ठेवा. देवबागच्या टोकाला रेंज गेली की क्यूआर कोड भिंतीवर नुसता लटकत राहतो.

मासे घेऊन यायचे असतील तर मालवणला संध्याकाळी होड्या लागल्यावर किनाऱ्यावर लिलाव होतो तिथं बघा. पण लिलाव वाट्याचा किंवा टोपलीचा असतो, किरकोळ घ्यायचं तर शेजारी बसलेल्या मावशींकडून घ्या आणि साफ करून मागा. थर्माकोलच्या खोक्यात जितका मासा तितकाच बर्फ, थरावर थर, खाली पाणी झिरपायला भोक. मासा पिशवीत घट्ट बांधून वर बर्फाचे चार खडे टाकले तर घाट चढेपर्यंत मधला मासा कोमट होतो. रात्री गाडी चालवायची नसेल तर संध्याकाळी घेऊच नका. खानावळवाल्याला सांगून ठेवा, सकाळी तोच आणून देईल, आणि नऊला निघालात तर दीड-दोनला कोल्हापुरात फोडणी पडेल.